नळकाम आणि गरम पाण्याच्या जोडणीचा स्वतंत्र व्यवसाय : सुरुवात कोठून करावी?

भोसरीकर

सर्वांना नमस्कार. आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेडचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून मी एका ठेकेदाराच्या हाताखाली मोशी आणि हिंजवडी भागातील गृहप्रकल्पांवर काम करतो आहे. भिंतीतील सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाईपची) लाईन, शाफ्टमधील (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतील) सांडपाण्याचे उभे एसडब्ल्यूआर पाईप, गच्चीवरील टाक्यांची जोडणी आणि शेवटचे फिटिंग ही कामे मला कोणाच्या देखरेखीशिवाय करता येतात. दिवाळीनंतर ठेकेदाराचे काम सोडून भोसरी, दिघी आणि आळंदी रस्ता या पट्ट्यात स्वतःच्या नावाने काम सुरू करण्याचा विचार आहे. नळकामाबरोबर गिझर आणि सौर बंब यांची जोडणी-दुरुस्तीही घ्यावी असे वाटते, कारण थंडी सुरू झाली की त्यासाठी माणूस मिळत नाही, अशी तक्रार आमच्या भागात नेहमी ऐकू येते.

एक ओळखीचे बांधकाम व्यावसायिक त्यांच्या नव्या इमारतीचे संपूर्ण नळकाम मला लेबर रेटवर, म्हणजे फक्त मजुरीवर, देण्यास तयार आहेत. सुरुवातच इतक्या मोठ्या कामाने व्हावी का, घरगुती कामाचा दर कसा ठरवावा, कोणती कागदपत्रे आधी करावीत आणि किती हत्यारे विकत घ्यावीत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ओळंबा

भोसरीकर, तुमच्या चार प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर चुकले, तर उरलेल्या तिन्हींची उत्तरे बरोबर असूनही उपयोग होणार नाही, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. इमारतीचे काम आत्ता घेऊ नका.

लेबर रेटच्या कामात माल मालकाचा असतो, त्यामुळे आपले भांडवल अडकत नाही, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात अडकते ती मजुरी. स्लॅबमधील स्लीव्ह (पाईप जाण्यासाठी सोडलेली भोके), मग भिंतीतील लाईन, मग शाफ्ट, आणि टाईल्स व रंगकाम झाल्यानंतर नळ, कमोड, बेसिन अशा टप्प्यांनी बिल निघते. शेवटचा टप्पा कधी येईल हे तुमच्या हातात नसते, फ्लॅट विकले जाण्याच्या वेगावर ते ठरते. प्रत्येक बिलातून काही टक्के रक्कम दोषदुरुस्तीच्या मुदतीसाठी राखून ठेवली जाते. तुमच्या मदतनीसांचा पगार मात्र दर शनिवारी द्यावाच लागतो. हाताशी सहा महिन्यांची मजुरी असल्याशिवाय हे काम घेणारा माणूस व्याजाने पैसे काढतो, आणि मग बिल्डरने सांगितलेला कोणताही दर त्याला मान्य करावा लागतो.

दुरुस्तीच्या कामात पैसे त्याच दिवशी हातात येतात. शिवाय तुमच्या भागात ते भरपूर आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तेव्हापासून छोट्या बैठ्या घरांनीही जादा टाक्या बसवल्या. टाकी आली की तिच्यामागे बॉलकॉक, मोटर, फूट व्हॉल्व्ह, ओव्हरफ्लो आणि प्रेशर पंप हे सगळे येते. बोअर आणि टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत गिझरच्या एलिमेंटवर क्षार चढतात, डायव्हर्टरचे (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या शॉवरच्या नळाचे) कार्ट्रिज, म्हणजे आतली झडप, अडकते, शॉवरची छिद्रे बुजतात. ही कामे लहान असली तरी त्यांना खंड नाही.

आता दराबद्दल. शेजारचा प्लंबर जे घेतो त्याच्या शंभर रुपये खाली, ही बहुतेकांची पद्धत आहे आणि ती वाईट आहे. आधी स्वतःचा दिवस किती रुपयांचा आहे ते काढा. समजा, घरखर्चासाठी तुम्हाला महिन्याला २५,००० रुपये लागतात आणि पेट्रोल, फोन, ब्लेड-बिट, हत्यारांची झीज व विमा यांचे ७,००० होतात, म्हणजे एकूण ३२,०००. महिन्यात तुम्ही २४ दिवस घराबाहेर पडाल, पण त्यातील आठ दिवसांइतका वेळ कामे पाहण्यात, दुकानात आणि पैसे मागण्यात जाईल, म्हणजे बिल लावता येईल असे दिवस १६. तुमचा दिवस २,००० रुपयांचा झाला आणि त्यात अजून बचत धरलेली नाही. दोन तासांच्या कामाला अर्ध्या दिवसाचे पैसे का मागायचे, हे ही बेरीज एकदा कागदावर मांडल्याशिवाय मनाला पटत नाही. पाहणीचे शुल्क जरूर घ्या आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा करा.

हत्यारांत घाई नको. १४ आणि १८ इंची पाईप पान्हे, सीपीव्हीसी कटर, हॅकसॉ, चांगला हॅमर ड्रिल, ग्राइंडर, लेव्हल ट्यूब, ओळंबा, बेसिनखालचा लांब पान्हा आणि दाब तपासण्याचा हातपंप एवढे स्वतःचे हवे. कोअर कटिंग मशीन आणि जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपला आटे पाडण्याचा मोठा डाय सेट भाड्याने मिळतो. महिन्यातून चार वेळा भाड्याने आणावा लागू लागला, की मग विकत घ्या.

नाशिकचा पान्हा

ओळंबा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत असलो, तरी केवळ दुरुस्तीवर राहण्याचा सल्ला मला अपुरा वाटतो. दुरुस्तीच्या कामात दिवस तुकड्यातुकड्यांत जातो, मदतनीस ठेवता येत नाही, आणि पन्नाशीला गुडघे बोलू लागले की उत्पन्न थांबते. इमारत नको हे मान्य आहे, पण एखादा बंगला, दोन रो-हाऊस किंवा जुन्या फ्लॅटमधील दोन बाथरूमचे नूतनीकरण ही मधली पायरी पहिल्या वर्षातच चढावी. अशा कामात घरमालक समोर असतो, आणि पैसे टप्प्यावर मिळतात.

टप्पे मात्र आपण ठरवायचे. काम सुरू होण्यापूर्वी तीस टक्के, भिंतीतील लाईनची दाबचाचणी मालकाच्या डोळ्यांदेखत झाली की चाळीस टक्के, फिटिंगचे सामान जागेवर आले की वीस टक्के आणि शेवटचे दहा टक्के पाणी सोडल्यावर. चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट घ्यावी आणि सॉल्व्हंट सिमेंटच्या (पाईपचे सांधे चिकटवण्याच्या द्रावणाच्या) डब्यावर लिहिलेला सुकण्याचा अवधी पूर्ण झाल्याशिवाय घेऊ नये. टाईल्सवाला घाई करतो, त्याला करू द्यावी. यूपीव्हीसीचे (थंड पाण्याच्या प्लास्टिक पाईपचे) सिमेंट सीपीव्हीसीला चालवून घेणारे कारागीर अजूनही दिसतात, आणि गरम पाण्याच्या लाईनमध्ये तो सांधा पुढे सुटतोच.

सचिव, बी विंग

मी प्लंबर नाही. दिघीजवळच्या एका सोसायटीचा सचिव या नात्याने, काम देणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी मांडतो.

आम्हाला स्वस्त प्लंबर नको असतो, फोन उचलणारा हवा असतो. उद्या सकाळी येतो म्हणून परवा संध्याकाळी येणाऱ्या माणसाचे काम कितीही सफाईदार असले, तरी त्याचे नाव पुढच्या वेळी यादीत खाली जाते. दुसरे म्हणजे, भिंत बंद करण्यापूर्वी मोजपट्टी लावून पाईपचे फोटो काढावेत आणि ते सदनिकाधारकाला पाठवावेत. आमच्या इमारतीत नंतर बसवलेल्या आरशांच्या आणि कपाटांच्या खिळ्यांनी फुटलेल्या लाईन किती तरी आहेत, आणि प्रत्येक वेळी खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी वाद होतो. तिसरे, शाफ्टमधील कोणता व्हॉल्व्ह कोणाची लाईन बंद करतो, याच्या चिठ्ठ्या लावून देणाऱ्या कारागिराला आम्ही वार्षिक देखभालीचे काम कोटेशन न मागवता दिले.

चौथा मुद्दा अप्रिय आहे, पण तो टाळता येत नाही. प्लंबर सांगेल त्याच दुकानातून सामान आणायचे आणि दुकानदाराने त्याला टक्केवारी द्यायची, हे सर्वांना माहीत असते. त्यामुळे प्लंबरने खरोखर चांगल्या मालाची शिफारस केली, तरी तिच्यावर विश्वास बसत नाही.

आणि एक विचारायचे आहे. ड्रेनेज तुंबले की सभासद प्लंबरलाच चेंबरमध्ये उतरायला सांगतात. याबाबत नियम काय आहे?

ओळंबा

सचिव महोदय, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. उतरायचे नाही आणि कोणाला उतरवायचेही नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे हा गुन्हा आहे, आणि उतरवणाऱ्यात सोसायटीही येते. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड पहिल्या काही श्वासांतच माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तेथेच राहतो. वरून रॉड किंवा ड्रेन क्लीनिंग स्प्रिंग चालवून निघाले तर ठीक, नाही तर जेटिंगची (जोराच्या पाण्याने लाईन मोकळी करणारी) गाडी मागवावी. भोसरीकरांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे, कारण पावसाळ्यात दर आठवड्याला कोणीतरी दोन हजार रुपये जास्त देण्याचे आमिष दाखवील.

टक्केवारीबद्दल माझे मत कडक आहे. ती घेणाऱ्याने मजुरी मुद्दाम कमी सांगितलेली असते, म्हणजे गिऱ्हाईक तेच पैसे दुसऱ्या दाराने देत असते. मजुरी पूर्ण सांगावी, सामानाची यादी ब्रँड, माप आणि नग यांसह लिहून द्यावी आणि खरेदी गिऱ्हाइकावर सोपवावी.

नाशिकचा पान्हा

येथे थोडा भेद करायला हवा. पाईप आणि फिटिंगच्या कंपन्या पॅकिंगमध्ये कूपन ठेवतात आणि प्लंबरने ते स्कॅन केले की त्याला गुण मिळतात. ही कंपनीची उघड योजना आहे, ती घेण्यात मला गैर वाटत नाही. दुकानदाराने बिल फुगवून दिलेली रक्कम ही वेगळी गोष्ट आहे. आणि खरेदी पूर्णपणे गिऱ्हाइकावर सोपवली, तर पाऊण इंची एल्बोऐवजी एक इंची येतो आणि दिवस फुकट जातो, हेही विसरू नये. मी गिऱ्हाइकाला घेऊन दुकानात जातो, बिल त्याच्या नावाने करतो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी लावतो.

सौर कोथरूड

गरम पाण्याच्या कामाबद्दल अजून कोणी सविस्तर लिहिले नाही, आणि भोसरीकरांना वेगळेपण मिळेल ते तेथेच, म्हणून जरा लांबण लावतो. थंड पाण्याची लाईन टाकता येणाऱ्या सर्वांना गरम पाण्याची लाईन टाकता येते, हा समज चुकीचा आहे.

पहिली गोष्ट प्रसरणाची. सीपीव्हीसीची दहा मीटरची सरळ लाईन ४० अंशांनी तापली की सुमारे २५ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ एक इंचाने वाढते. गच्चीवरून खाली येणाऱ्या लाईनला दोन्ही टोकांना घट्ट क्लॅम्प मारले आणि मध्ये वळसा ठेवला नाही, तर पाईप धनुष्यासारखा वाकतो आणि ताण एल्बोवर येतो. दोन हिवाळ्यांनी तो एल्बो गळू लागला, की लोक कंपनीला दोष देतात.

दुसरी गोष्ट लाईनमध्ये अडकलेल्या पाण्याची. सौर बंबापासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची लाईन वीस मीटर असेल, तर तिच्यात सुमारे पाच लिटर पाणी मावते. सकाळी ते सगळे थंड झालेले असते. एक इंची पाईप टाकला, तर साडेआठ लिटर. "सोलर चालत नाही" ही तक्रार पुष्कळदा एवढीच असते. इन्सुलेशन असलेली आणि गरजेपेक्षा जाड नसलेली लाईन हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो बंब बसवण्याआधी सुचवावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त पैसे मिळवून देणारी आहे, कारण ती फार थोड्यांना उलगडते. साध्या, बिनदाबाच्या सौर बंबाची गरम टाकी थंड पाण्याच्या टाकीच्या खाली असावी लागते आणि तिचा हवेचा पाईप थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यावा लागतो. पुढे घरमालक शॉवर जोरात यावा म्हणून फक्त थंड लाईनला प्रेशर पंप लावतो. डायव्हर्टरमध्ये दोन्ही लाईन एकत्र येतात, पंपाचा दाब जास्त असल्यामुळे थंड पाणी गरम लाईनमध्ये उलटे शिरते, थेट बंबापर्यंत चढते आणि हवेच्या पाईपातून गच्चीवर वाहू लागते. बंबातले पाणीही गार होते. मेकॅनिक काचेच्या नळ्या बदलून जातो आणि दोष तसाच राहतो. गरम लाईनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावल्याने उलटा प्रवाह थांबतो, पण मग गरम पाणी बारीक येते, कारण दाब असमान आहे. दोन्ही लाईनचा दाब सारखा करणे हेच खरे काम आहे.

काचेच्या नळ्यांच्या बंबात बोअरचे जड पाणी थेट फिरवले, तर नळ्यांत क्षार साठतात. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजर असलेला, म्हणजे वापरायचे पाणी नळ्यांत न फिरवता तापवणारा, प्रकार सुचवावा, महाग असला तरी.

गिझरबाबत गिऱ्हाइकाला आधीच आकडे सांगावेत. १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण १८ मिनिटे घेतो. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तेवढ्याच तापमानवाढीला मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी देतो, तो स्वयंपाकघरात शोभतो, शॉवरला नाही. उंच इमारतीत दाब पाहिल्याशिवाय गिझर निवडू नये, कारण पाण्याची दर दहा मीटर उंची सुमारे एक बार दाब वाढवते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारलेले मी पाहिले आहे. थर्मोस्टॅट आणि कटआऊट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) दोन्ही बिघडले, तर त्या गिझरची टाकी फुटण्यापासून रोखणारे मग काहीच उरत नाही. वायरिंग आणि अर्थिंगचे काम परवानाधारक वायरमनकडे द्यावे.

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत बसवायला कोणी सांगितले, तर काम सोडून यावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेली माणसे त्यात दगावली आहेत. पाईप गॅसची लाईन असेल, तर तिला हात लावण्याचा अधिकार गॅस कंपनीच्या अधिकृत माणसालाच आहे.

हिशेबनीस

कागदपत्रांचे मी सांगतो. सुरुवात पॅन आणि स्वतंत्र बँक खात्याने करावी, म्हणजे घरखर्च आणि धंदा यांची सरमिसळ होणार नाही. त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर आधारच्या आधारे विनामूल्य होते, त्यासाठी एजंटला पैसे देण्याचे कारण नाही.

जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की बंधनकारक होते, आणि येथे वरील चर्चेचा संबंध येतो. दोन लाखांचे नूतनीकरण सामानासह तुमच्या बिलावर गेले, तर वर्षात अशी दहा कामे झाली की तुम्ही मर्यादेवर पोहोचलात, हातात उरलेली मजुरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नसेल. सामानाचे बिल थेट गिऱ्हाइकाच्या नावाने करण्याची पद्धत या दृष्टीनेही सोयीची आहे. कंपनीचे किंवा मोठ्या ठेकेदाराचे काम केले, तर ठरावीक रकमेपुढील बिलातून एक टक्का टीडीएस (आधीच कापलेला प्राप्तिकर) कापला जातो. तो बुडालेला नसतो, विवरणपत्र भरून परत मागता येतो, मात्र पॅन दिला नसेल तर कपात वीस टक्क्यांवर जाते.

कर्ज घ्यायचेच असेल, तर मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळते आणि ओळंबा यांनी सांगितलेली हत्यारे त्यात बसावीत. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल बरेच जण विचारतात. तिच्या १८ व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत, प्लंबर नाही, त्यामुळे त्या फॉर्मसाठी कोणाला पैसे देऊ नका. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मात्र बँकेत खाते उघडतानाच घ्यावा, मदतनिसालाही घ्यायला लावावा. गेल्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र सध्याच्या ठेकेदाराकडून मिळत असेल, तर त्यांचे काम सोडण्यापूर्वीच इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्या.

भोसरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इमारतीच्या कामाला नम्रपणे नकार कळवणार आहे आणि प्रमाणपत्राची मागणी याच आठवड्यात करतो. सौर काका, दोन्ही लाईनचा दाब सारखा करायचा, तर गरम लाईनलाही वेगळा पंप लावावा का? आणि ओळंबा काका, गिऱ्हाइकाने ऑनलाईन मागवलेला नळ किंवा डायव्हर्टर बसवल्यावर गळू लागला, तर दुसऱ्या फेरीचे पैसे मागावेत का?

सौर कोथरूड

लावता येतो, पण तो गरम पाण्यासाठी बनवलेला असावा. साध्या पंपाचे सील ६०-७० अंशांच्या पाण्यात टिकत नाही. कमी खर्चाचा मार्ग म्हणजे शॉवरसाठीची थंड लाईन पंपावरून काढून ज्या टाकीतून बंब भरतो त्याच टाकीवर घेणे, आणि पंप फक्त फ्लश व वॉशिंग मशीनला ठेवणे. शॉवर मग जोरात येणार नाही, हे मालकाला आधी सांगा आणि निवड त्याच्यावर सोडा.

ओळंबा

बिलावरच दोन ओळी छापून घ्या : सांधे आणि जोडणी यांची एक वर्षाची हमी माझी, वस्तूच्या आतील दोषाची हमी कंपनीची. मग गळती आट्यांतून असेल, तर पैसे न मागता जा, आणि कार्ट्रिजमधून असेल, तर फेरीचे पैसे घ्या. वस्तू बसवण्यापूर्वी खोक्यावरचे मॉडेल आणि खरेदीचे बिल यांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे कंपनीच्या माणसाला बोलावताना गिऱ्हाइकाची धावपळ होत नाही. महापालिकेच्या मुख्य लाईनवरून नवा नळजोड घ्यायचे काम आले, तर ते परवानाधारक प्लंबरच्या सहीनेच होते. तुमच्या भागातील अशा एखाद्या परवानाधारकाशी आत्तापासून ओळख ठेवा, आणि वर्षभराने स्वतःच्या परवान्याची चौकशी पाणीपुरवठा विभागात करा.